तान्ह्यांची सर्दी आणि जिल्ह्याची सरासरी

मृग नक्षत्र लागून पावसाची पहिली झड ओसरली, की मालवण किनाऱ्यावरील दवाखान्यांच्या ओट्यांवर तान्ही मुले घेतलेल्या आयांची गर्दी वाढू लागते. कोणाचे नाक वाहते आहे, कोणाला दूध ओढताना धाप लागते आहे, कोणाचे जुलाब दोन दिवस थांबलेले नाहीत. कारण विचारले तर उत्तर बहुधा ठरलेले असते. गार वारा बाधला, पावसाचा शिंतोडा अंगावर गेला, दात येत आहेत, दृष्ट लागली. या उत्तरांना हसण्याचे कारण नाही. विषाणू डोळ्यांना दिसत नाही, आणि शास्त्रज्ञांनाही तो पाहण्यासाठी विसाव्या शतकापर्यंत थांबावे लागले. मात्र या साऱ्या उत्तरांत एक दोष समान आहे. ती आजाराचा बोजा हवेवर, दैवावर किंवा बाळाच्या प्रकृतीवर टाकतात, आणि एकदा तो तेथे टाकला म्हणजे माणसांनी करण्याजोगे काही उरत नाही.

प्रस्तुत लेखक वैद्य नाही, अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. या विषयात त्याने का पडावे, अशी शंका काही वाचकांना येईल. तिचे उत्तर असे की, लहान मुलांना होणाऱ्या नित्याच्या विषाणुजन्य आजारांची जोखीम कोणत्या गोष्टींनी वाढते याची यादी एखाद्या बालरोगतज्ज्ञाकडून मागून घेतली, तर तिच्यातील निम्म्याहून अधिक बाबी अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातल्याच निघतात : घराचे क्षेत्रफळ, जळणाचा प्रकार, आईच्या कामाची व रजेची व्यवस्था, गर्भारपणातील आहार, स्थलांतर, आणि दवाखान्यापर्यंतचे अंतर.

प्रथम विषाणूंकडे पाहू. तान्ह्या मुलांच्या छातीचे जे आजार असतात, त्यांतील एक प्रमुख कारण म्हणजे ‘रेस्पिरेटरी सिन्सिशिअल व्हायरस’ अथवा आर.एस.व्ही. हा विषाणू १९५६ साली प्रथम सापडला तो अमेरिकेतील एका प्रयोगशाळेतील सर्दी झालेल्या चिंपांझींत. पुढच्याच वर्षी तो आजारी अर्भकांतही आढळला. वयाची दोन वर्षे पुरी होण्यापूर्वी जगातील जवळजवळ प्रत्येक मुलाला त्याची बाधा एकदा तरी होऊन जाते. मोठ्या मुलाला ती साधी सर्दी वाटते, तान्ह्याच्या बारीक श्वासनलिका मात्र तिने तुंबतात. २०१९ या एका वर्षात पाच वर्षांखालील सुमारे १ लाख मुले या विषाणूमुळे दगावली असावीत, असा आंतरराष्ट्रीय संशोधकांचा अंदाज आहे. त्यांपैकी जवळजवळ निम्मी सहा महिन्यांच्या आतील होती, आणि शंभरातील पंचाण्णवांहून अधिक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील.

जुलाबांच्या बाबतीत हीच कथा रोटाव्हायरसची. १९७३ साली मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधून काढला. पुढे जे दिसून आले ते विचार करायला लावणारे आहे. नळाचे स्वच्छ पाणी व साबण असलेल्या श्रीमंत देशांतील मुलांनाही रोटाव्हायरस जवळजवळ तितकाच होतो, जितका तो आपल्याकडील मुलांना होतो. कॉलरा वा विषमज्वर जसा स्वच्छतेपुढे माघार घेतो, तसा हा घेत नाही. तेव्हा बाधा होण्यात गरीब-श्रीमंत हा भेद फारसा नाही. भेद आहे तो पुढच्या टप्प्यावर. एका मुलाला वेळेवर मीठ-साखरेचे पाणी मिळते व ते चौथ्या दिवशी खेळू लागते. दुसरे मूळचेच अशक्त असते, आईची मजुरी बुडू नये म्हणून एक दिवस वाट पाहिली जाते, आणि तोवर त्याचे डोळे खोल गेलेले असतात. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटून शेकडो प्राण वाचविले. इतका स्वस्त उपाय हाती असूनही पुढे अर्धशतक जुलाबांनी मुले मरत राहिली, हे केवळ वैद्यकाच्या भाषेत समजावून सांगता येणार नाही.

म्हणून ‘जोखीम’ हा शब्द दोन अर्थांनी वापरावा लागतो. विषाणू गाठण्याची जोखीम ही एक, आणि गाठल्यानंतर तो छातीत उतरण्याची किंवा जिवावर बेतण्याची जोखीम ही दुसरी. आपल्या चर्चेत या दोहोंची नेहमी गल्लत होते. बाळाला कानटोपी घालून, दारे-खिडक्या लावून आपण पहिलीशी लढल्याचे समाधान मिळवितो, आणि दुसरीकडे दुर्लक्ष करतो.

पहिल्या जोखमीचे मुख्य वाहन गार वारा नसून माणूस होय. त्यातही शाळेत वा अंगणवाडीत जाणारे थोरले भावंड. घरात दोन-तीन मोठी मुले असतील, एकाच खोलीत सात-आठ जण निजत असतील, तर तान्ह्याला पहिल्या काही महिन्यांतच बाधा होण्याचा संभव वाढतो. पावसाळा धोक्याचा असतो तो पाण्यात भिजण्यामुळे नव्हे. मुसळधार पावसात सारे घर चार भिंतींच्या आत कोंडले जाते, कपडे चुलीवर वाळतात, आणि एकाचा श्वास दुसऱ्याच्या वाट्याला येतो, ही त्याच्या कारणांपैकी एक गोष्ट.

येथे आपल्या जुन्या बाळंतिणीच्या खोलीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सोयराच्या दहा-बारा दिवसांत त्या खोलीत परक्याने पाऊल टाकायचे नाही, हा दंडक कोणत्याही समजुतीतून आलेला असो, अर्भकाला बाहेरच्या श्वासापासून दूर ठेवण्याचे काम तो चोख बजावीत असे. परंतु त्याच खोलीत खिडकी बंद, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, आणि सकाळ-संध्याकाळ ओवा व बाळंतशेपांची धुरी. म्हणजे एका हाताने राखायचे आणि दुसऱ्या हाताने कोवळ्या फुप्फुसांत धूर भरायचा. पुढे बारशाच्या दिवशी तर सारा वाडाच लोटायचा आणि खोकणाऱ्या मावशीपासून शाळकरी पोरांपर्यंत प्रत्येकाने बाळाचा मुका घ्यायचा! आज सोयर नावापुरते उरले आहे. बाळंतपण रुग्णालयात होते आणि दुसऱ्याच दिवशी खाटेभोवती पाहुण्यांचा वेढा पडतो. जुन्यातले राखण्याजोगे सोडून दिले आणि सोडण्याजोगी धुरी मात्र अनेक घरांत चालू ठेवली, असे आपल्या बाबतीत झाले आहे.

धुराचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण येथे सोप्या निष्कर्षांचा मोह फार आहे. आपल्या जिल्ह्यात झावळ्या, नारळाच्या सोडणांचा कचरा, काजूची वाळलेली फांदी ही फुकट मिळणारी जळणे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गॅसची शेगडी गरिबाच्या घरातही पोहोचली, पण शेगडी असणे व ती रोज पेटणे यांत अंतर आहे. मजुराला १४.२ किलोच्या सिलिंडरचे पैसे एकरकमी मोजावे लागतात. झावळी अंगणात पडते. चहा गॅसवर आणि भात व अंघोळीचे पाणी चुलीवर, ही तडजोड असंख्य घरांनी केलेली आहे. धुराने मुलांच्या श्वसनमार्गाचे संरक्षक अस्तर दुबळे होते, हे निर्विवाद. मग धूर थांबविला की न्यूमोनिया थांबेल काय?

ग्वाटेमालात धुराडे असलेल्या सुधारित चुली देऊन एक काटेकोर प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. तीव्र न्यूमोनियाचे प्रमाण त्यात घटलेले दिसले, पण आर.एस.व्ही.ने होणाऱ्या न्यूमोनियात लक्षणीय फरक दिसला नाही. पुढे भारत, ग्वाटेमाला, पेरू व रवांडा या चार देशांत सुमारे ३,२०० गर्भवती स्त्रियांना घेऊन त्याहून मोठा प्रयोग झाला. आपल्या देशातील त्याचे क्षेत्र तमिळनाडूतील होते. निम्म्या घरांना गॅस व शेगडी फुकट देण्यात आली. २०२४ मध्ये निष्कर्ष आले, आणि बाळांच्या तीव्र न्यूमोनियात अपेक्षित घट काही आढळली नाही.

याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा कोणी काढू नये. आईचे डोळे व फुप्फुसे एवढ्यासाठी जरी चूल विझली तरी पुष्कळ झाले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातून दिसते ते वेगळेच. ज्या घरात धूर असतो, त्याच घरात खोल्या कमी असतात, आईचे वजन कमी असते, बाळ अडीच किलोच्या आत जन्मलेले असते, आणि लसीच्या दिवशी आई कामावर गेलेली असते. ही कारणे एकाच छपराखाली एकत्र नांदतात. त्यांतले एक उचलून बाहेर ठेवले म्हणजे बाकीची आपोआप निघून जात नाहीत. एकाच योजनेच्या उद्घाटनाने प्रश्न सुटल्याचे जाहीर करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या जोखमीला, म्हणजे आजार गंभीर होण्याला, आळा घालणाऱ्या गोष्टींत आईच्या दुधाचे स्थान फार वरचे आहे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध घेणाऱ्या मुलांत छातीचे व पोटाचे दोन्ही आजार कमी आणि सौम्य असतात. ते दूध फुकट आहे असे भाषणांतून सांगितले जाते. अर्थशास्त्र हे मान्य करीत नाही. त्याची किंमत आईच्या वेळेत मोजावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातील सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के मुले निव्वळ अंगावरच्या दुधावर असल्याचे आढळले. उरलेल्यांच्या आया अडाणी होत्या काय? मालवण-वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यांत गर सोलणारी बाई घ्या. तिची मजुरी किलोवर ठरते. बंदरावर मासळी निवडणारी आणि वाळविणारी बाई घ्या. तिचा दिवस भरती-ओहोटीने ठरतो, बाळाच्या भुकेने नव्हे. दीड-दोन महिन्यांत ती कामावर परतते, बाळ आजीकडे राहते आणि बाटली येते. बाटलीमागून जुलाब येतात.

कायद्याने २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा दिली आहे. ५० वा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघरही सक्तीचे केले आहे. आम्हां शिक्षक-कारकून वर्गाच्या घरांतून या रजेचा लाभ पुरेपूर घेतला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु दहाहून कमी माणसे कामाला असलेला काजूचा छोटा कारखाना वा मासळीचा सौदा या कायद्याच्या कक्षेत येतच नाही. तेथील आईच्या वाट्याला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये येतात, तेही पहिल्या अपत्याला. दुसरी मुलगी झाली तर ६,०००. सहा महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीशी या रकमेची तुलना वाचकांनी स्वतःच करून पाहावी. जिचे बाळ आधीच अधिक जोखमीत, तिलाच घरी बसण्याची मुभा सर्वांत कमी.

आता आपल्या जिल्ह्याविषयी. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग कोणत्याही तक्त्यात मागासलेला दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत साक्षरता ८५ टक्क्यांवर, दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, आणि लोकसंख्या तर दहा वर्षांत ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आलेली. कुटुंबे लहान, मुली शिकलेल्या. अशा जिल्ह्यात बालकांच्या संसर्गाची चिंता करणे म्हणजे उगाच काहूर माजविणे, असे कोणी म्हणेल. सरासरी हे आमच्या शास्त्रातले सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत फसवे साधन आहे. या सरासरीत कोणती मुले मोजली गेली आणि कोणती निसटली, हे विचारले पाहिजे.

देवगडच्या हापूस बागांत राखणीला आणि फवारणीला नेपाळहून कुटुंबे येतात. बागेच्या कडेला पत्र्याच्या वा झावळ्यांच्या खोपटात महिनेच्या महिने राहतात. चिरेखाणींवर कर्नाटकातून आलेले मजूर असतात, बंदरांवर परप्रांतीय खलाशी. गावाच्या शिधापत्रिकेत त्यांची नावे नाहीत, ग्रामसभेत त्यांचा आवाज नाही. त्यांचे मूल जन्मते एका राज्यात, दीड महिन्याचा डोस चुकतो प्रवासात, साडेतीन महिन्यांचा चुकतो येथे येऊन, आणि नवव्या महिन्याच्या सुमारास ते परत निघालेले असते. अधिक जोखमीच्या ज्या बाबी वर सांगितल्या, त्या सगळ्या या एका खोपटात हजर असतात. आणि जिल्ह्याच्या सरासरीवर तिचा ओरखडाही उमटत नाही. आपण हापूसचा भाव डझनावर ठरवतो. त्या भावात हा खर्च कोठेच धरलेला नसतो.

असे निसटलेले मूल ही फक्त त्याच्या आईबापांची अडचण राहत नाही, याचा पुरावा मुंबईने २०२२ च्या अखेरीस दिला. कोविडच्या दोन वर्षांत नेहमीच्या लसीकरणाची घडी विस्कटली होती. गोवंडीसारख्या दाट वस्तीत, कुपोषण आणि अर्धवट लसीकरण यांच्या जोडीवर गोवर उसळला आणि मुले दगावली. भिवंडी व मालेगावपर्यंत तो पोहोचला. पहिला डोस नऊ महिन्यांना असतो, पण त्याहूनही लहान बाळांना लागण होऊ लागल्याने उद्रेकाच्या भागात सहा महिन्यांपासून जादा डोस देण्याची पाळी आली. गोवर इतका वेगाने पसरतो, की शंभरातील पंचाण्णव मुले सुरक्षित असल्याखेरीज त्याची साखळी तुटत नाही. लस न घेण्याइतपत लहान असलेले बाळ शेजारच्या मुलाच्या लसीवर विसंबून असते. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात आणि असे परिणाम बाजारावर सोपवू नयेत, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकविले जाते.

आणि मुंबईचा उद्रेक आपल्यापासून लांब आहे अशा भ्रमात राहू नये. १९९८ पासून कोकण रेल्वेने हे अंतर एका रात्रीचे केले आहे. श्रावण संपता संपता चाकरमानी गणपतीला गावी येतात आणि एरवी दोन म्हातारी माणसे असलेल्या घरात आठ-दहा दिवस पंधरा-वीस माणसे नांदतात. पश्चिम महाराष्ट्रात व मुंबईत इन्फ्लुएन्झाचा भरही नेमका पावसाळ्यातला. या सणाचा आनंद कोणी हिरावून घेऊ म्हटले तरी घेता येणार नाही, आणि घेऊही नये. पण ज्या घरात तीन महिन्यांच्या आतले बाळ आहे, तेथे सर्दी-खोकला असलेल्याने, मग तो कितीही जवळचा असो, आरतीला यावे, प्रसाद घ्यावा, आणि बाळाला लांबूनच पाहावे. हात साबणाने धुतल्याशिवाय बाळ घेऊ नये. आजीने हे सुनेच्या वतीने सांगावे. सुनेने सांगितले तर रुसवे होतात.

लसींच्या बाबतीत निराशेचे कारण नाही. रोटाव्हायरसची देशी लस दिल्लीतील नवजात अर्भकांत सापडलेल्या वाणापासून तयार झाली आणि तिच्या चाचणीचे एक केंद्र पुण्याजवळचे वढू हे होते. सुमारे ६,८०० बालकांवरील त्या चाचणीत तीव्र जुलाब निम्म्याहून थोडे अधिक टळले. निम्मेच का, असे विचारणाऱ्यांना सांगावे लागते, की रुग्णालयात भरती होणारे निम्मे मूल वाचणे ही गरीब घराच्या जमाखर्चात फार मोठी गोष्ट आहे. आज ही लस दीड, अडीच व साडेतीन महिन्यांना सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते. आर.एस.व्ही.साठी २०२३ पासून पाश्चात्त्य देशांत गर्भवतीला देण्याची लस आणि बाळाला देण्याचे प्रतिपिंडांचे इंजेक्शन उपलब्ध झाले आहे. त्यांच्या किमती आज आपल्या मजुराच्या आवाक्यातल्या नाहीत. त्या उतरेपर्यंत आपल्या हाती राहतात ते स्तन्यपान, गर्भवतीचा आहार, आणि वेळेवर धोका ओळखणारा डोळा.

हा डोळा तयार करता येतो, हे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी दाखविले. न्यूमोनियाला तेथील लोक ‘डब्बा’ म्हणत. गावातील स्त्री-पुरुषांना श्वास मोजायला शिकवून, औषध त्यांच्या हाती देऊन बंग दांपत्याने बालमृत्यू खाली आणले, आणि त्याचा वृत्तांत १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. गणित अवघड नाही. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० वा अधिक, वर्षाच्या आतील मुलाचे ५० वा अधिक, आणि पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, बाळ दूध ओढत नसेल, किंवा सुस्त पडले असेल, तर तासही दवडू नये. साध्या सर्दीला मात्र प्रतिजैविके मागू नयेत. विषाणूवर ती चालत नाहीत आणि पैसे मात्र जातात.

दवाखाना कोणता, हा आपल्याकडचा जुना दुखरा प्रश्न. दोडामार्ग-सावंतवाडीची माणसे वर्षानुवर्षे बांबोळीच्या भरवशावर राहिली, आणि २०१८ मध्ये गोव्याने परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले तेव्हा येथे आंदोलन उभे राहिले. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही त्यानंतरची स्वागतार्ह घटना. तथापि देवगडच्या बागेतून रात्री अकरा वाजता निघालेल्या बापाला ओरोसही दूरच असते. त्याच्यासाठी आशा कार्यकर्तीच्या पिशवीतील घड्याळ आणि औषध हेच पहिले रुग्णालय होय.

जिल्हा परिषदेने एवढे तरी करावे. आंब्याचा मोहोर फुटण्यापूर्वी, कामगार येऊन स्थिरावताच, प्रत्येक बाग, खाण व बंदर यांवरील दोन वर्षांखालील मुलांची नावनिशीवार नोंद घ्यावी, लसीकरणाचे सत्र तेथेच संध्याकाळी, मजुरी न बुडविता भरवावे, आणि मुलाचे कार्ड पुढच्या राज्यात चालेल असे करून द्यावे. बागायतदाराने त्यासाठी पडवी आणि दिवा पुरवावा.